मधल्या दिवसांतलं रक्त

१२ जानेवारी, सोमवार

परत! पाळी जाऊन आठवडासुद्धा झाला नाही, आणि आज पुन्हा. तेही गाडीत! शिकाऊ बाई स्टिअरिंगला लटकलेली, मी "क्लच, अहो क्लच!" म्हणून ओरडतेय, आणि खाली ओलं लागतंय. सीटला डाग पडला. काच पुसायचं फडकं त्यावर टाकून पुढच्या दोघांनाही तसंच शिकवलं. ड्रायव्हिंग स्कूलचे मालक खिडकीशी येऊन दात काढत म्हणाले, "मॅडम आज उतरायचं नाव घेत नाहीत!" हसा. तुमचं काय जातंय?

१५ जानेवारी

थांबलं. नवरा म्हणतो, "दगदग होते तुझी." या घरात माझ्या प्रत्येक दुखण्याचं नाव दगदग. ती कमी कर, असं मात्र कोणाच्या तोंडून निघत नाही.

२१ जानेवारी, बुधवार

पुन्हा दोन दिवस ठिपके. सासूबाईंना कुणकुण लागलीच. भाजी निवडताना, माझ्याकडे न बघता: "ठमीच्या वर्गात सगळ्यांना भावंडं आहेत म्हणे. हिचं आपलं सगळं वाहूनच जातंय." ठमी शेजारीच चित्र रंगवत बसली होती. माझी सहा वर्षांची पोर, कळतं तिला!

मला काय नकोय दुसरं? चार वर्षं वाट बघतेय. दुकानात लहान मोजे टांगलेले दिसले तरी मान फिरवते. दर महिन्याला पाळी आली की नळ सोडून बाथरूममध्ये रडते. आणि आता मधेच हे. माझंच शरीर मला वाकुल्या दाखवतंय.

२२ जानेवारी

आज काही नाही. कशाला एवढी खूश झाले कोण जाणे.

२ फेब्रुवारी, सोमवार

कोपऱ्यावरचे डॉक्टर. रक्त माझं जातंय आणि हा माणूस बोलतोय माझ्या नवऱ्याशी! "मिसेसचं वय झालं की असं होतं." छत्तीस! तपासलं नाही, धड विचारलं नाही. थांबायच्या गोळ्या लिहून दिल्या. नवरा मान डोलावत होता. दोघांना एकाच गाडीत बसवून उतारावर सोडून द्यावंसं वाटलं.

१० फेब्रुवारी

गोळ्या घेत होते तोवर थांबलं. बंद केल्या आणि आलंच. काल आम्ही जवळ आलो, नंतर बघते तर चादरीवर रक्त. हा दचकला. "काही मोठं तर नसेल ना गं?" म्हणाला. तो शब्द दोघांनीही उच्चारला नाही. सकाळी ठमीची वेणी दोनदा सोडून पुन्हा घातली. मला काही झालं तर हिची वेणी कोण घालणार, एवढंच डोक्यात.

आईला फोन केला, रडले. तिचं तेच, नेहमीचं: "तू बरी हो आधी. एक आहे ना पदरात? पुरे गं." इतका संताप आला की फोन ठेवून दिला. सगळ्यांच्या आया धीर देतात, माझी मला गप्प करते.

१६ फेब्रुवारी, सोमवार

एकटीच गेले, बाईडॉक्टरकडे. तिने ह्या जन्मात पहिल्यांदा मला नीट विचारलं. कधी जातं, किती, संबंधांनंतर जातं का, दुखतं का, कुठल्या गोळ्या चालू आहेत? म्हणाली, "दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणं हा स्वतः आजार नाही, खूण आहे. कशाची, ते शोधायचं." हार्मोन्स असतील, थायरॉइड असेल, आत मांसाचा छोटा कोंब असेल, जंतूंची लागण असेल. कधी गर्भ राहिलेला असतो आणि बाईला पत्ता नसतो. कॅन्सर क्वचित, पण बघायचाच. तिने तो शब्द सरळ उच्चारला आणि मला उलट हलकं वाटलं. आतून नमुना घेतला. गर्भ राहिलाय का, तेही तपासलं. नाहीच.

"मूल होऊ नये म्हणून काय वापरता?"

"काही नाही. मूल व्हावं म्हणूनच तर मरतेय!"

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सोनोग्राफी. पोटावर ते थंडगार लावून मुलगी स्क्रीनकडे बघत सहज म्हणाली, "कॉपर-टी वाकडी झालीय तुमची. कधी बसवली होती?"

मी म्हटलं, माझी नाही. दुसऱ्या कोणाची तरी असेल.

तिने स्क्रीन माझ्याकडे वळवला.

२० फेब्रुवारी

नमुन्यात वाईट काही नाही. आनंद व्हायला हवा होता.

बाईडॉक्टर म्हणाली, ठमीच्या वेळी सिझेरियन झालं ना, तेव्हाच बसवली असणार; बसवतात कधीकधी, नातेवाइकांना विचारून. "तुम्हाला सांगायलाच हवं होतं." सांगायला हवं होतं! सहा वर्षं माझ्या पोटात तार, आणि मी चार वर्षं टोमणे खातेय!

घरी येऊन ह्याला धरलं. "तूच हो म्हणालास!" हा पांढराफटक. ठमीची शपथ घेतली. "तुझं रक्त थांबत नव्हतं, मी रक्ताच्या बाटल्या आणायला धावलो होतो. मला कोणी विचारलं नाही." बरा बहाणा! नशिबाने सासूबाई बाहेर गेल्या होत्या. माझ्या तोंडाला येईल ते बोलले. हा रडला. मी बघत राहिले.

२४ फेब्रुवारी

बोलणं बंद. ताट समोर ठेवते, उठते.

२ मार्च, सोमवार

तार काढली. सोबत आई आली होती. आत जायच्या आधी बाकावर, पदराचं टोक पिळत, म्हणाली, "मला विचारलं होतं गं त्यांनी. जावई रक्त आणायला गेले होते. तू प्रेतासारखी पडली होतीस. मी म्हटलं, बसवा, पुन्हा हे नको." मग मला का नाही सांगितलंस? "आधी वाटलं, बरी झालीस की सांगेन. मग तू दुसऱ्यासाठी रडायला लागलीस, मग धीरच झाला नाही." माझ्या हाताला हात लावायला आली. मी हात काढून घेतला.

संध्याकाळी हा दारात उभा. आवाज खाली: "कळलं का, कोणी हो म्हटलं ते?"

आतून सासूबाईंच्या पावलांचा आवाज थांबला; कान इकडेच.

मी म्हटलं, "नाही."