नाव न घेता दिलेलं

४ मार्च २००६
आलो बाई एकदाचे! जर्सी सिटीतल्या विसाव्या मजल्यावरून थेट या डोंगरातल्या गावात. दोन मजली घर, मागे ओढा, ओढ्याकाठी एकच काटेरी झाड. निमिषचं ऑफिस वीस मिनिटांवर. मला आठवा संपत आलाय, तरी स्वयंपाकघर मीच लावलं, कारण या गृहस्थाने हिंगाची डबी फ्रीजमध्ये ठेवली होती. संध्याकाळी शेजारच्या मिसेस ड्वायर घरचा ब्रेड घेऊन आल्या. सत्तरीच्या, आयरिश वंशाच्या, गावची लायब्ररी सांभाळतात. ब्रेड माझ्या हातात देताना माझं नाव घेऊन म्हणाल्या, हा आश्लेषासाठी. मी चहाचा कप पुढे केला तर घेईचनात. शेवटी म्हणाल्या, माझं नाव घेऊन दे. घेतलं नाव. मजेशीर बाई आहेत.

९ मार्च
माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. मिसेस ड्वायरनी बिनपगारी काम देऊ केलं आणि मी टुणकन उडी मारून हो म्हटलं. १९३८च्या सुमारास आयर्लंडमधल्या शाळांत पोरांना वह्या दिल्या होत्या म्हणे: घरच्या म्हाताऱ्यांना विचारा, सांगतील ते लिहा. या गावच्या शाळेतली तेव्हाची मास्तरीण तिकडचीच. तिने इथल्या आयरिश पोरांकडूनही तसंच करून घेतलं. एकतीस वह्या, त्या मी कॉम्प्युटरवर टाइप करायच्या. लोणी कसं काढायचं, चामखिळीवर काय लावायचं, कुठल्या शेतात नांगर घालायचा नाही. प्रत्येक पानाखाली सांगणाऱ्याचं नाव आणि वय. ‘ती माणसं’, म्हणजे टेकड्यांखाली राहणारी, न दिसणारी, मुलगे पळवतात म्हणून मुलग्यांना झगे घालायचे. आपल्याकडे धोंडू नाव ठेवायचे, तसंच की! एक गोष्ट मात्र जवळजवळ प्रत्येक वहीत आहे. काहीही देताना घेणाऱ्याचं नाव घ्यावं. नाव न घेता दिलं, तर कोण घेईल सांगता येत नाही. चहाच्या कपाचं कोडं सुटलं.

१ एप्रिल
ईशान आला! मंगळवारी, सव्वासात पौंडांचा. आईचा व्हिसा नाकारला, म्हणून जर्सी सिटीच्या आमच्या जुन्या शेजारीण प्रतिमाकाकू मदतीला आल्यात. डिंकाचे लाडू, शेक, वर माझ्यावर ओरडणं, सगळं साग्रसंगीत. निमिष बाळाला इतका हळू उचलतो की काकू त्याला म्हणतात, अरे लॅपटॉप नाहीये तो. मी इतकी सुखात आहे की भीती वाटते.

८ एप्रिल
बारसं झालं. सकाळपासून बर्फ, म्हणून मैत्रिणींनी येणं कॅन्सल केलं. काकू म्हणाल्या, बारावा दिवस कशाला चुकवायचा, आपण दोघी पुरे. पाळण्याच्या एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला मी. ‘कुणी हा घ्या, कुणी तो घ्या’ म्हणत बाळ पाळण्याखालून द्यायचं, वरून परत करायचं. मिसेस ड्वायर कौतुकाने बघत होत्या. त्यांनी अर्थ विचारला, मी हसत सांगितला. त्यांचा चेहरा एकदम उतरला. थांबा म्हणाल्या, पण तिसरी खेप सुरू झाली होती. काकूंनी खालून ईशानला दिलं. माझे हात रिकामेच. काकू म्हणाल्या, अगं, दिला की मी! त्यांचेही हात रिकामे होते. मग एकदम माझ्या हातात वजन आलं. आम्ही दोघी जरा जास्तच हसलो. मिसेस ड्वायर पेढा न खाता गेल्या.

१३ एप्रिल
ईशान रडत नाही. आठवडा होत आला. काकू म्हणतात गुणी बाळ, डॉक्टर म्हणतात उत्तम तब्येत. सारखा पितो आणि पिताना माझ्याकडे टक लावून बघतो, मी कोण ते ठरवत असल्यासारखा. निमिष म्हणतो, यार, तू जरा झोप काढ. काकू आज परत गेल्या. जाण्याआधी दृष्ट काढली. मिरच्यांच्या धुराने आम्ही तिघं खोकून बेजार. ईशान खोकला नाही.

१९ एप्रिल
पुन्हा टाइप करायला बसले. वही सत्तावीस. लिहिणारी मुलगी बारा वर्षांची, सांगणारी तिची आजी. एका बाईने रागाच्या भरात तान्ह्या पोराला तीनदा म्हटलं, घ्या याला कुणीही. तिसऱ्यांदा तिचे हात रिकामे झाले. परत आलं ते गप्प असायचं, सारखं प्यायचं. उपायही दिलाय. दिवसाउजेडी त्याला ‘त्या माणसां’च्या काटेरी झाडाखाली ठेवायचं, मागे न बघता घरी यायचं. आपलं बाळ पाळण्यात मिळतं.
पुढचं पान फाटलंय. मिसेस ड्वायरना फोन केला. म्हणाल्या, त्या बाईचं पुढे काय झालं ते या गावात कुणी बोलत नाही, तूही विचारू नकोस. आणि फोन ठेवला.

२२ एप्रिल
निमिषने सोमवारची अपॉइंटमेंट घेतली. बाळासाठी नाही, माझ्यासाठी. बाळंतपणानंतर होतं असं काहींना, म्हणतो. असेलही.
आज तो हसला. चार आठवड्यांचं बाळ असं हसत नाही. ओठ मिटून, माझी कीव आल्यासारखं—

२४ एप्रिल, दुपारी चार
निमिष पाचला येईल मला डॉक्टरकडे न्यायला. त्याआधीच काय ते.
बाहेर गारठा आहे. दोन ब्लँकेटं गुंडाळली तर चालेल का— वहीत काही लिहिलेलं नाही.
माझी चूक होत असेल तर तो माझा ईशान आहे. तसं असेल तर मी—

पावणेपाच
ठेवलं. मागे पाहिलं नाही.
पाळण्यात होता! खरंच होता! मांडीवर घेतलाय. एका हाताने लिहितेय. माझं सोनं—
पीत नाही. नुसता बघतोय.
बाहेर कोण रडतंय? झाडाकडून—
त्या रडण्याला मला पान्हा फुटला. अंगावरचं सगळं भिजलं. मांडीवरच्याला नाही. बाहेरच्याला. देवा, तो माझा होता. सगळे दिवस तो माझाच होता. मी स्वतःच्या हातांनी याला जागा करून—
उठता येत नाही. मांडीवरचं जड झालंय. बोट धरून ठेवलंय—
निमिष, आधी घरात येऊ नकोस. झाडाखाली जा. त्याला उचल, गाडीत ठेव आणि नीघ. मी हाक मारली तरी— माझ्या आवाजात कुणीही—
रडणं थांबलं.
निमिष, लवक—