लोहाची ओळ

हुडको, भिलाई
गुरुवार, ९ जानेवारी २०२५

चि. दीक्षा,

बाबांचा जय भीम आणि खूप आशीर्वाद. आमच्या जावयाला, राजदीपलाही माझा जय भीम सांग.

इकडे सगळं ठीक आहे. थंडी आहे, गुडघा धरतो, पण चालतो आहे. परवा गॅसचं बटण बंद केलं की नाही या काळजीने भाजी न घेताच बाजारातून परत आलो. बटण बंदच होतं. मग पुन्हा गेलो तोवर मेथी संपली होती. नळाला दोन दिवस पाणी कमी आलं, आज बरं आलं. शेजारची करिष्मा येऊन जाऊन चौकशी करते. तू लग्न करून कोचीला गेलीस तेव्हा ती फ्रॉकमध्ये होती. आता दुर्गच्या कॉलेजात आहारशास्त्र शिकते.

फोन सोडून पत्र का लिहितो, असं तुला वाटेल. फोनवर मला घाई होते, आणि घाईत मी ओरडतो. रविवारी तू सांगितलंस की हिमोग्लोबिन सात पूर्णांक चारवर आलं. मी "बरं" म्हणून फोन ठेवून दिला. बापाने असं करायला नको होतं. तुला राग आला असेल. नसेल आला तर मला जास्त काळजी वाटेल.

मला जे समजलं आहे ते आधी लिहितो, चुकलं असेल तर राजदीपने दुरुस्त करावं. गर्भपिशवीतल्या गाठीमुळे रक्त जातं. गाठ काढावी लागणार. रक्त दहावर आल्याशिवाय डॉक्टरीणबाई ऑपरेशन करणार नाहीत आणि फेब्रुवारीच्या पुढे थांबायलाही नको म्हणतात. गोळ्या पूर्ण घेतल्या की उलट्या होतात, सलाईनमधून लोह दिलं तर अंगावर गांधी उठल्या. म्हणून गोळी अर्धी आणि बाकी जेवणातून, असं त्यांनी ठरवलं. आणि जेवणात काय घ्यायचं हेही त्यांनी नोव्हेंबरमध्येच सांगितलं होतं. तू ते मला फोनवर विचारलंस. विचारायची गरज नव्हती, तरी विचारलंस. मी म्हणालो, "थांब, मी माहिती काढतो."

माहिती मी खरंच काढली होती. करिष्माने तिच्या पुस्तकातून मला एका कागदावर तक्ता लिहून दिला. शंभर ग्रॅम शिजलेल्या मांसात काय किती असतं, असा. एकीकडे चिकनचे तुकडे, दुसरीकडे मोठ्याचे, पुस्तकात त्याला बीफ म्हणतात. मी सातवी शिकलेला माणूस, पण आकडे मला वाचता येतात. स्टील प्लांटच्या कोक ओव्हनला तीस वर्षं मीटरचे आकडे वहीत उतरवले आहेत.

पहिली ओळ प्रोटीनची. चिकनच्या छातीत एकतीस ग्रॅम, टांगेत पंचवीस. मोठ्याच्या मांडीच्या तुकड्यात एकोणतीस, खांद्याच्या तुकड्यात तीस. दुसरी ओळ चरबीची. चिकनच्या छातीत साडेतीन, मोठ्याच्या मांडीत पाच-सहा, खांद्यात पंधरा आणि बरगडीत पंचवीसच्या वर. तेवढं वाचून मी तुला फोन लावला. म्हणालो, "चिकनच पुढे आहे. छातीचा तुकडा खा, बाकी कशाची गरज नाही." तू म्हणालीस, "बरं बाबा."

कागदावर आणखी तीन ओळी होत्या.

त्या मला दिसल्या नाहीत असं लिहिणार होतो. दिसल्या होत्या. तिसरी ओळ लोहाची. चिकनच्या छातीत एक मिलिग्राम, टांगेत एक पूर्णांक तीन. मोठ्याच्या मांडीच्या तुकड्यात अडीच, खांद्याच्या तुकड्यात तीनच्या वर. त्याखाली जस्त, चिकनच्या छातीत एक आणि मोठ्याच्या खांद्यात सात-आठ. शेवटी बी-बारा व्हिटॅमिन, चिकनमध्ये नावाला, मोठ्याच्यात दोनच्या वर. मी कागद मधोमध दुमडला आणि कॅलेंडरच्या मागे ठेवून दिला.

रविवारी तुझा फोन झाल्यावर करिष्मा आली होती. मी तिला विचारलं, "बेटा, दोन महिने रोज चिकन खाऊन रक्त कमी कसं होते?" तिने तो कागद मागितला आणि उलगडला.

"आजोबा, दीक्षाताई को तो खून की कमी है ना? मग तुमी तिले प्रोटीन कावून सांगितलं? आयरनची ओळ कुठं गेली?"

मी म्हणालो, "इसरलो."

"इसरले? तुमी तं गॅसचं बटण इसरत नाही! परीक्षेत बसले असते तं एकच सवाल सोडवून घरी आले असते तुमी."

ती हसली. मीही हसलो. मग तिने खाली आणखी एक ओळ लिहिली, कोंबडीच्या कलेजीची. लोह अकरा मिलिग्राम! मला इतका आनंद झाला की मी तसाच चप्पल घालून निघालो. मोठ्यापेक्षा चारपट, आणि कोंबडीचंच. म्हणजे कोणालाच काही सोडावं लागणार नाही. करिष्माने मागून ओरडून सांगितलं, "रोज नाही चालत आजोबा! व्हिटॅमिन ए जास्त होते, आठवड्यात एकदा, बस!" तरी मी दुकानापर्यंत गेलो. पाव किलो कलेजी घेतली. घरी आणून धुताना वास आला आणि आठवलं की लहानपणी कलेजी शिजली की तू अंगणात जाऊन बसायचीस. तुला ते जात नाही. पूर्वीही जात नव्हतं. ती मीच खाल्ली, दोन वेळा.

बकऱ्याचं मटणही लोहात कमी नाही, असं करिष्मा म्हणाली. पण ते राजदीप रविवारी घरी असतो तेव्हाच शिजतं. बाकी सहा दिवस तू हॉस्टेलची वॉर्डन म्हणून मेसमध्येच दोन्ही वेळ जेवतेस, आणि तिथे चिकन नाहीतर मोठ्याचं, एवढंच असतं. राजदीप मला मागेच म्हणाला होता, "मामाजी, इथं हॉटेलच्या पाटीवर लिहिलेलं असते, कोणी पाहत बी नाही." मी त्याला गप्प केलं होतं.

म्हणजे आडकाठी एकच राहिली. ती मी आहे.

तू कोचीला निघालीस त्या दिवशी मी तुझा हात तुझ्या आईच्या फोटोवर ठेवला आणि शपथ घ्यायला लावली की मोठ्याचं तोंडाला लावणार नाही. तुला सांगितलं की ही आपल्या घराण्याची शपथ आहे, माझ्या बाबांनी घेतलेली. तू काही विचारलं नाहीस. तू शिकलेली आहेस, लोहाची ओळ तुला माहीत नसेल असं होणार नाही. डॉक्टरीणबाईंनीही सांगितलंच होतं. तरी दोन महिने "बरं बाबा" म्हणून छातीचे पांढरे तुकडे खात राहिलीस. हे मला रविवारनंतर कळलं. त्या दिवसापासून जेवण गोड लागत नाही.

आता शपथेबद्दल लिहितो. हे मी तुझ्या आईलाही कधी नीट सांगितलं नाही.

माझ्या बाबांनी शपथ घेतली होती हे खरं. साकोलीकडच्या आपल्या गावात वस्तीने मिळून ठरवलं होतं की गावचं मेलेलं ढोर ओढायचं नाही आणि त्याचं मांस घरात आणायचं नाही. मान खाली घालून मिळणारं काही खायचं नाही, असा त्याचा अर्थ. बाबांनी ती मरेपर्यंत पाळली.

तू झालीस तेव्हा आपण सेक्टरच्या क्वार्टरमध्ये होतो. तुझ्या आईचं बाळंतपण अवघड गेलं. दवाखान्याच्या कार्डावर तिचं रक्त सात लिहिलं होतं. ते कार्ड अजून माझ्या ट्रंकेत आहे. तुझी आजी, गिरजाबाई, गावाहून पॅसेंजरने आली. सुनेसाठी तिने एका फडक्यात चान्या बांधून आणल्या होत्या. तू कधी पाहिल्या नाहीस. मोठ्याच्या मांसाच्या लांब पट्ट्या कापून, मीठ लावून उन्हात वाळवतात. तिकडे तेव्हा बैलाचं मांस बाजारात मिळायचं, तिने ते विकत आणलं होतं. सकाळी तिने त्यातल्या दोन भाजल्या. वास खिडकीतून बाहेर गेला.

त्या वेळी आमच्या शिफ्टला चार जण डबे एकत्र करून जेवायचे. दोन वर्षं मी बाजूला बसून जेवत होतो. कोणी काही बोललं नव्हतं, मीच जात नव्हतो. मग एक दिवस त्यांच्यातल्या एकाने हाक मारली, "भय्याजी, उधर क्या बैठे हो, इधर आओ," आणि माझ्या डब्यातलं वांगं उचलून खाल्लं. त्याला महिनाही झाला नव्हता. तो आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा.

तो वास वर त्याच्यापर्यंत जाणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी तव्यावरच्या चान्या आणि फडक्यातल्या सगळ्या उचलल्या, पिशवीत घातल्या आणि मागच्या नाल्यात टाकून आलो. माय दारात उभी होती. मी तिच्यावर ओरडलो, "बाबाची शपथ मोडून राहिली का तू? बाबासाहेबाच्या फोटोखाली बसून हे शिजवते?"

ती ओरडली नाही. म्हणाली, "शपथ मेलेल्याची होती, बाबू. हे तं म्या बाजारातून इकत आनलं. तुहा बाप असता तं त्यानं पहिले बाईले खाऊ घातलं असतं, मंग शपथ पाह्यली असती."

मी म्हणालो, "तुले काही समजत नाही."

"मले समजते," ती म्हणाली. "तुले शपथेचं भेव नाही. तुले वरच्याचं भेव हाय."

दुसऱ्या दिवशी ती पॅसेंजरने परत गेली. मी दुर्ग स्टेशनपर्यंत सोडायला गेलो. त्यानंतर ती पुन्हा भिलाईला आली नाही, मीच गावाला जायचो. मी पिशवीत घालत होतो तेव्हा तुझी आई भाजलेल्या त्या दोन चान्यांकडे बघत होती हे मला आठवतं. तिला खायच्या होत्या. पुढे सहा महिने तिला जिना चढता येत नव्हता. वरच्या माणसाची बदली दोन वर्षांत झाली. त्याला वास आला होता की नाही, हे मला आजपर्यंत माहीत नाही.

म्हणून लिहितो, की मी तुझ्याकडून घेतली ती बाबांची शपथ नव्हती. माझ्या भीतीला मी बाबांचं नाव लावलं होतं. बाबांचं नाव लावलं की कोणी विचारत नाही. तूही विचारलं नाहीस.

ही शपथ तू घेतली नव्हतीस, मी घेववली होती. ती मी आज परत घेतो. सकाळी तुझ्या आईच्या फोटोसमोर बसून मोठ्याने बोललोही. खिडकी उघडी होती. आधी उठून लावली, मग पुन्हा उघडली.

आता कामाचं. मेसमध्ये मांडीचा किंवा खांद्याचा तुकडा माग, बरगडीचा नको. त्यात नुसती चरबी. चांगलं शिजलेलं घे. वर लिंबू पिळ, त्याने लोह अंगाला लागतं, असं करिष्मा म्हणते. जेवल्यावर तासभर चहा घेऊ नकोस. अर्धी गोळी चुकवू नकोस. आणि डॉक्टरीणबाईंना हे सगळं एकदा विचारून घे, मी सातवी शिकलेला आहे. पहिल्या दिवशी घास घशात अडकेल. माझं नाव आठवून अडकला तर पाणी पी आणि पुन्हा खा. नाहीच गेला तर नको खाऊस, तसं स्वतः ठरव. माझ्यासाठी मात्र सोडू नकोस.

पुढच्या रिपोर्टचा आकडा कमी आला तरी मला खरा सांग. मी फोन ठेवणार नाही.

खाली मी आधी लिहिलं होतं की वाचून झाल्यावर हे पत्र फाडून टाक, कोणाच्या हाती पडायला नको. ती ओळ खोडली आहे, तुला दिसेल. पत्र ठेव. राजदीपलाही वाचू दे.

जेवून घे, बाई.

तुझ्या आजीला परत पाठवणारा,
तुझा बाप
भय्याजी