खुशाल एटापल्लीला का आला

एटापल्ली, एप्रिल १९८६

प्रिय भाऊ,

पत्राला सुरुवात कशी करावी तेच सुचत नाही. कालपासून माझं डोकं सुन्न आहे. आधी एवढं वाच: आपला धाकटा खुशाल माझ्याकडे आहे आणि सुखरूप आहे.

होळीनंतर तो न कळवताच नागपूरहून आला. दार उघडलं तेव्हा क्षणभर मी त्याला ओळखलंच नाही, इतका वाळला होता. सरांनी पीएच.डी.च्या प्रबंधाचं प्रकरण पुन्हा परत केलं, झोप लागत नाही, म्हणाला. दोन घास खाऊन ताटावरून उठला. मला वाटलं, अभ्यासाचा शीण असेल, मोकळ्या हवेत उतरेल. म्हणून दवाखान्यात ड्युटीला जाण्याआधी मीच त्याला शेजारच्या बायनाबाईसोबत मोहफुलं वेचायला पाठवलं. मग रोजच. नाही म्हणाला तरी ओढून उठवायची. पोंभुर्ण्याला परीक्षेच्या दिवसांत तूही आम्हाला पुस्तकांतून उठवून तळ्यावर न्यायचास ना, तसंच.

आणि फरक पडला, भाऊ. दुपारी घोरायला लागला. भात मागून घेऊ लागला. अस्वल दिसल्यावर बायनाबाईला मागे टाकून आपण कसे पळालो, हे सांगताना पोट धरून हसला.

काल रविवारी आम्ही नाल्याकाठी बसलो होतो. पाण्यात पाय सोडून तो अगदी साध्या आवाजात मला म्हणाला, "बाई, मी इथी राहाले नोतो आलो. तुले एकदा पाहून जंगलात जीव द्याले आलो होतो."

मी नर्स आहे, मरणं पाहिली आहेत. पण हे ऐकून मी त्याचा दंडच धरून ठेवला. ज्या जंगलात तो मरायला आला होता, त्याच जंगलात मी त्याला रोज पहाटे धाडत होते! मग थांबलास काऊन, असं कसंबसं विचारलं. म्हणाला, पहिल्याच दिवशी बायनाबाईनं एक झाड दाखवून बजावलं, "हे आता तुहं. उद्या लवकर ये, नाईतं जनावरं फुलं खाऊन टाकतेत." कोणीतरी आपली वाट पाहील म्हणून तो दुसऱ्या दिवशी गेला. मग तिसऱ्या.

आम्हाला का नाही सांगितलंस, विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, "भाऊले काय सांगू? त्यानं तं साऱ्या गावाले सांगून ठेवलं, माहा भाऊ डॉक्टर होऊन राह्यला."

तुला दोष देत नाही. तुझा अभिमान खरा आहे. पण नुसत्या रानानं हे बरं होणार नाही, एवढं मला कळतं. काल संध्याकाळीच इथल्या डॉक्टरांना विचारलं; त्यांनी नागपूरच्या मनोविकारतज्ज्ञांना दाखवायला सांगितलं आहे. मी सोबत जाईन. त्याआधी तू ये. मिळेल त्या एसटीनं ये. डिग्री होवो न होवो, तू आमचाच आहेस, हे त्याला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. माझ्या सांगण्यानं होत नाही, मी करून पाहिलं. आज ड्युटीवर गेले नाही. तो अंगणात झोपला आहे आणि मी दारात बसून, त्याची छाती वरखाली होते आहे ना ते बघत, हे लिहिते आहे.

तुझीच,
सत्यशीला