बिनआवाजाची रिक्षा अन् धोंडाबाईची उडी

भाजे,
बुधवार

थोरले बंधू निवृत्तीभाऊ यांस धाकट्या भागूचा वाकून नमस्कार (कंबर धरलीया, तवा वाकले असं समजा). वहिनींचं गुडघं कसं हाईत? इंदुरीत समदी खुशाल असतीला. मी बरी हाय. फोनवर तुमी मधीच ‘बरं बरं’ म्हणून ठेवून देता, म्हणून कागद लिहिते. कागदाला मधी तोडता येत न्हाई.

तुमी निरोप धाडला, की रविवारी येऊन तेजलला घरी नेणार, पोरीच्या जातीनं रिक्षा चालवायची न्हाई. न्या बापडे, लेक तुमचीच. पर आधी हितं काय झालं ते वाचा.

आमच्या बचत गटाला योजनेतनं बॅटरीची रिक्षा मिळाली, अन् समद्या गटात लायसन काढायची हिंमत एकट्या तुमच्या लेकीला झाली. मळवली स्टेशन ते भाजे, दिवसभर. धूर न्हाई, वास न्हाई, ग्रामपंचायतीच्या भिंतीला वायर लावली की म्हशीवानी गपगुमान चरती. कैलासची डिझेलची रिक्षा दारावरनं गेली की माजी फिकी पातळं दोरीवरच काळी पडायची (म्हटलं, विधवेला तेवढाच रंग).

खोड एकच, आवाज न्हाई. कैलासची गाडी स्टेशनातनं निघाली की भाज्यात कळायचं, अन् रस्त्यानं चाललेल्या बाया बोलणं बदलायच्या. ही मागनं आलेली कुनालाच कळत न्हाई. मागल्या पंधरवड्यात धोंडाबाई अन् नंदाबाई म्होरं चाललेल्या, विषय मी. नवरा गेल्यापासनं भागू लय नटती, केसाला काळं लावती, रोज अंडं खाती. मी गाडीत मागं बसलेली; तेजलला खुणावलं, हळू घे. मोरीपासनं शाळेपातुर आमी मागं मागं. माजीच येवढी म्हाईती मला पयल्यांदा मिळाली! शेवटी न राहवून म्हनले, ‘दोन खाते, धोंडाबाई. हिशोब चुकला.’ बाईनं उडी मारली ती थेट भाताच्या खाचरात, छत्रीसकट.

पाय मुरगळला. तेजलनं गुडघाभर चिखलात शिरून तिला उचलली अन् कार्ल्याच्या डॉक्टरकडं नेली. आत बसून बाई वरडती, ‘अगं, सुरू कर की येकदाची!’ तवा आमी दवाखान्याच्या दारात पोचलो हुतो.

मग तिच्या नवऱ्यानं, हौशीरामनं, ग्रामसभेत अर्ज दिला: गाडीला बैलाची घुंगरमाळ बांधा, न्हाईतर बंद करा. कैलास लगोलग ‘बराबर हाय’. मला वाटलं, गेली रिक्षा. तेवढ्यात धोंडाबाईच लंगडत उभी राहिली. पाय दाखवायला आठ दिस तेजलच्याच गाडीतनं जात-येत हुती ना! म्हनली, ‘माळ बांधायची न्हाई. अवो, तुमी पारावर बसून माज्याबद्दल काय बोलत हुता, ते हितं सांगू का?’ हौशीरामनं अर्जाची घडी केली अन् खिशात घातली.

भाऊ, आता मस्करी न्हाई. म्हाताऱ्या बाया कैलासची गाडी सोडून तुमच्या लेकीसाठी थांबत्यात. लेण्यांवर आलेली शहरातली पोरं शिट्टी मारत बसत्यात अन् ‘येतो ताई’ म्हणून उतरत्यात. काल कैलासनंच हळूच इचारलं, ‘मावशी, असली गाडी मला मिळंल का?’

तुमची बहीण,
भागू

ता. क. रविवारी यायचं तर या. स्टेशनावर तेजल घ्यायला येईल.

अजून एक. मागल्या सोमवारी तुमी आमाला न सांगता मळवलीला आलता. चहाच्या टपरीवर मामाच्या सीतारामला म्हनलात, ‘पोरगी झकास चालवती रे, लांबनं बघितली. पर भावकीला काय सांगू?’ तुमच्या पाठीमागं आमीच हुतो. तेजलनं समदं ऐकलं, डोळं पुसलं अन् गाडी वळवली. तवा येवढंच करा. टपरीवर जे हळू बोललात, ते भावकीत मोठ्यानं बोला.