खुणेचा चिरा

लाटंबार्से,
१७ ऑगस्ट १९८७

प्रिय विमल,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे, पण पत्र पुरं वाच. गोवा राज्य झालं तेव्हा तुमच्या वास्कोत फटाके वाजले म्हणे. मला मोकळं वाटलं ते मात्र काल.

आमची सिद्धी पंधरा ऑगस्टच्या सुट्टीला म्हापशाच्या कॉलेजातून घरी आली ती रानफुलांचं एक पुस्तक घेऊनच. आपल्या कोकण-गोव्यातली फुलं, पानापानावर चित्रं, खाली मराठी आणि कोंकणी नावं शेजारी शेजारी. बाहेर भाषेवरून सख्खे भाऊ बोलेनासे झाले, पुस्तकात दोन्ही सुखाने नांदतात. पोरगी सगळा वेळ गवतात बसून फुलं ताडून बघते. मी मात्र ते पुस्तक पाहिल्यापासून उघडायचं टाळत होते. शेवटी काल धीर केला नि म्हटलं, चल, माझ्याबरोबर शेताच्या खालच्या मेरेवर.

त्या मेरेवर मी पावणेतीन वर्षं पाऊल टाकलं नव्हतं. मामंजींना रानातला कंद आवडायचा म्हणून त्या डिसेंबरात मीच तिथे खणला होता. वेल सुकलेली, पान एक नाही. उकडून वाढला. तुझे दादा खाणीवर, सिद्धी शाळेत, माझा सोमवार. खाल्ला त्यांनी एकट्यानेच. संध्याकाळी उलट्या, पहाटे गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं. पण शेजारच्या सरस्वतीने आठवण काढली, की गणपतीच्या डोईवर टांगतो त्या माटोळीला बांधायची कळलावीची फुलं आपण त्याच मेरेवरून आणतो. कळलावीचा कंद विषारी, हे तुला-मला कुणी सांगायला नको. तू दारातच विचारलंस, "वयनी, बाबाक कितें वाडलें तुवें?" मला उत्तर ठाऊक नव्हतं, विमल. खरंच नव्हतं.

पण मामंजींचीच शिकवण होती. कंद काढला की त्याचा माथा परत खड्ड्यात पुरायचा आणि वर खुणेला चिरा ठेवायचा. मी ठेवला होता. काल तो चिरा सापडला आणि त्याच्या कडेने वेल वर गेलेली दिसली. दोन हातांवर कळलावी फुललेली, लाल-पिवळी. पण चिऱ्यापाशी? सिद्धीने वेल बुडापर्यंत चाचपली, पुस्तक उघडलं. एका देठाला पाच पानं, लोंबते फिकट तुरे. तिने चित्राशी ताडून पाहिलं, मग मी, मग पुन्हा तिने. शेंडवेल! खाली छापलंय, तुऱ्यांची भाजी करतात, कंद उकडून खातात. मी मेरेवर बसून रडले, मग हसले. पोरीला वाटलं, आईला वेड लागलं. तुझे दादा ऐकून नुसते "बरें जालें" म्हणाले आणि दोनदा चहा मागितला.

आता लिहायचं खरं कारण. तेराव्याला माझ्या हातचा घासही न घेता तू वास्कोची बस धरलीस, त्याचा राग नाही. तुझं एकवेळचं, मी तर माझ्या हाताला रोजच भ्याले. तेव्हापासून रांधलेलं आधी स्वतः खाते, जरा वेळ थांबते आणि मगच इतरांना वाढते. घरात कुणाला कळू दिलं नाही. पण देवाचा नैवेद्य चाखता येत नाही ना! म्हणून गणपतीच्या दोन चवथी पाठदुखीचं निमित्त सांगून तो सिद्धीकडून करवून घेतला. यंदा मी रांधणार आहे, न चाखता. पहिलं पान देवाचं, दुसरं तुझं. ये.

तुझीच,
चंद्रावती वहिनी