एका तासाची सूट

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.
हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर आजपासून सुरू. अपॉइंटमेंट, लॅब, रिपोर्ट, प्रत्येकाची सर्व्हिस वेगळी. एकीने दुसरीकडे काही मागितलं की मध्ये माझं गेट. कोण तू, कोणासाठी मागतेस, परवानगी आहे का? सगळे नियम माझे. माझ्या परवानगीशिवाय पान हलणार नाही.

दुपारी २.
पान हललंच नाही. मोठे डॉक्टर समोर बसलेले आणि माझं गेट त्यांनाच रिपोर्ट देईना. आमचे साहेब माझ्याकडे बघत होते. शेवटी रिपोर्टपुरती तपासणी बंद केली. फक्त एक तास. डेमो झकास झाला.

१३ मार्च, गुरुवार.
आमच्या टेस्टर बाईंना सगळे भिंगबाई म्हणतात, काही सुटत नाही म्हणून. त्यांचा मेल: रिपोर्टला गेट लागतच नाही, हॉस्पिटलमधला कोणीही कोणाचाही रिपोर्ट उघडू शकतो. त्या तासानंतर तपासणी परत सुरू करायची राहूनच गेली होती. उत्तर पाठवलं की हे विचारपूर्वक ठेवलंय. लगेच दुरुस्त केलं असतं तर चूक होती असा अर्थ निघाला असता. सोमवारी गुपचूप लावून टाकतो.

१७ मार्च, सोमवार.
डोकं दुखत होतं. उद्या नक्की.

२४ मार्च, सोमवार.
हॉस्पिटलची तक्रार. तिथल्याच एका सिस्टरने स्वतःची गाठ तपासायला दिली होती. रिसेप्शनवरच्या कोणीतरी रिपोर्ट सहज म्हणून उघडला. त्यात कॅन्सरची शंका. संध्याकाळी वॉर्डभर, सकाळी तिच्या आईच्या कानावर. आई जिन्यातच मटकन खाली बसली म्हणे.
गेट लावलं. चार मिनिटं लागली.
रात्री ताट बाजूला सारलं. बायकोने विचारलं, तोंड का उतरलंय? पित्त, म्हणालो.

२५ मार्च, मंगळवार.
साहेबांना सगळं सांगायचं ठरवून केबिनमध्ये शिरलो. तेच आधी म्हणाले, चौकशी तुम्हीच करा, तुमच्याइतका काटेकोर माणूस आपल्याकडे नाही. अशा वेळी त्यांचा विश्वास मोडणं बरं दिसेना. बाहेर भिंगबाई कोणालातरी म्हणत होत्या, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. कोणाबद्दल ते विचारलं नाही.

२७ मार्च, गुरुवार.
सिस्टरना भेटलो. तिशीच्या असतील. हळू बोलतात. दुसरी तपासणी झाल्यावर, पक्कं कळल्यावर, आईला जवळ बसवून सांगणार होत्या. आता आई जेवत नाही, नुसती यांच्याकडे बघत राहते. तुम्ही निदान आलात तरी, म्हणाल्या. मी धीर दिला. ज्याने केलं त्याला सोडणार नाही, असंही बोलून गेलो. त्यांनी पाणी आणून दिलं. ते प्यालोही.

२८ मार्च, शुक्रवार.
अहवाल लिहिला. कारण: मानवी चूक. कोणत्या मानवाची, हे लिहायला फॉर्ममध्ये जागाच नाही. माझा काय इलाज?
भिंगबाई आल्या. माझं तेरा तारखेचं उत्तर छापून आणलं होतं. टेबलावर ठेवून काही न बोलता गेल्या. आरडाओरडा केला असता तर वाद तरी घालता आला असता. तासभर कागद बघत बसलो. मग फॉर्मच्या समासात स्वतःचं नाव लिहिलं. खाली तीन सबबी लिहिल्या. दोन खोडल्या.
साहेबांनी वाचलं. आवाज चढवला नाही. सोमवारपासून गेट भिंगबाई बघतील, म्हणाले. आणि सिस्टरना फोन तुम्हीच करा.

३१ मार्च, सोमवार.
शब्द पाठ करून फोन केला. चूक माझी होती, एवढं नीट म्हणालो. कामाचा ताण वगैरे पुढे येणार होतं, पण सिस्टरच बोलल्या. दुसरा रिपोर्ट आलाय. गाठ साधी निघाली. मला एकदम हलकं वाटलं. म्हटलं, वा, म्हणजे काळजी मिटली.
त्या म्हणाल्या, मी परवाच आईला सांगितलं. तिला ते खरं वाटतच नाही. म्हणते, आधीचं लपवलंस, आता हेही माझ्या समाधानासाठी सांगत असशील.
मी ‘पण’ म्हणालो, तोवर फोन बंद झाला होता.