आखूड दोरी

राकेश,
आईले घेऊन वर्ध्याले डोळ्याच्या दवाखान्यात चालली. भात कुकरात हाये.

तुया मासे धरायच्या, दोन हातांनी फेकायच्या गळकाठीची नवी दोरी मी पाह्यली. एवढी लांब अन् जड काऊन, म्हणून वर्ध्याच्या दुकानदाराले फोन केला. तो म्हणे, "ताई, लहान नदीले आखूड, हलकी दोरी पुरते. ही राकेशनं धरणासाठी मागतली."

तू तर दर रविवारी बोर नदीवर जातो म्हणून सांगून राह्यला. बाबा धरणात बुडाले, तवा तिथं पाय ठेवणार नाई म्हणून आईले शब्द कोणं देल्ला होता?

दोरी मी संगं घेतली. दुकानदार आखूड बदलून देते म्हणे. आणू का नको, ते फोनवर खरं सांगजो. आईले अजून काई माहीत नाई.

मेघाताई